एकवीस मिलिमीटर

जयराम पगारेचं नाव चौदा वर्षांत सात वेळा छापून आलं होतं आणि सातही वेळा शेवटच्या ओळीत आलं होतं. 'प्रयोगशाळेतील साहाय्याबद्दल श्री. जे. बी. पगारे यांचे आभार.' नाशिकच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचा तो साहाय्यक. त्या ओळीच्या वर दहा पानं आकडे असायचे, ते सगळे जयरामनं मोजलेले. आकड्यांच्या वर लेखकांची नावं असायची, त्यांनी मोजलेलं त्या पानांत काही नसायचं. जयरामची त्याबद्दल तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण ती तो फक्त बायकोजवळ करायचा, आणि विमलाबाई ती तांदूळ निवडता निवडता ऐकायच्या. सात निबंधांत बरेच तांदूळ निवडून झाले होते.

म्हणून १९७९ च्या जानेवारीत सानप सर जेव्हा म्हणाले, "जयराम, या वेळी तिसरं नाव तुझं, दिला शब्द," तेव्हा तो त्या संध्याकाळी द्वारकेवरून घरी जाताना सायकलवरून उतरून पायी गेला. अशा बातमीला सायकल फार लवकर घरी पोचवते.

तिसरं म्हणजे शेवटचंच. विभागात निबंधावर तीनच नावं टाकायची चाल होती. पहिलं विभागप्रमुखांचं. ते प्रयोगशाळेत पाऊल ठेवत नसत, तिथल्या वासानं त्यांना मळमळायचं. दुसरं प्राध्यापकाचं, म्हणजे सानप सरांचं. तिसऱ्या जागी आजवर प्रमुखांचा भाचा, प्रमुखांचे साडू आणि एकदा चुकून ज्यानं काम केलं होतं तो विद्यार्थी, असे लोक येऊन गेले होते. "चौथं नाव आलं की गर्दी वाटते," असं प्रमुख म्हणत.

निबंधाचा विषय साधा होता. बाजारात जखमेवर लावायला जी जंतुनाशकं मिळतात, तांबडी, पिवळी, पांढरी, त्यांतलं कुठलं किती जंतू मारतं. काम जयरामच्या हातचं. काचेच्या बशीत अगर, म्हणजे जंतूंना पोसणारी खळ, ओतायचा, तो निवला की खरवसासारखा थरथरतो. त्यावर पू करणारे जंतू सारवायचे. गाळणकागदाच्या टिकल्या ऑफिसच्या पंचिंग मशीननं पाडायच्या, औषधात बुडवून बशीत ठेवायच्या आणि बशी उबेच्या कपाटात. दुसऱ्या दिवशी सगळीकडे जंतूंची साय धरलेली असते, फक्त टिकलीभोवती स्वच्छ गोल. औषध जितकं जालीम, तितका गोल मोठा. जयराम पट्टी लावून गोल मोजायचा आणि त्याच्या मापात आजवर अर्धा मिलिमीटरही कुणी इकडचा तिकडे काढला नव्हता. चारशे बशा झाल्या. तांबडं औषध सतरा मिलिमीटरवर पहिलं आलं. निबंध संपला, असं जयरामला वाटलं.

तेवढ्यात सानप सर पेठला गेले.

तिथल्या एका पाड्यावर राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर होतं. पोरांना श्रमदान शिकवताना सरांनी स्वतःच्या नडगीवर फावडं मारून घेतलं. जखम चिघळली. तांबडं औषध लावलं, पिवळं लावलं, पाय भोपळ्यासारखा झाला. तेव्हा पाड्यावरची भागीबाई भोये कसलासा काढा घेऊन आली, दिवसातून तीनदा त्या काढ्यानं तिनं जखम धुतली आणि आठव्या दिवशी सर बूट घालून नाशिकला परतले. एकटे नाही. बरोबर भागीबाई होती, तिच्या हातात झाकणाला फडकं बांधलेली बरणी होती आणि सरांच्या डोळ्यांत ती चमक होती, जी जयरामनं आजवर फक्त नवा मायक्रोस्कोप आला तेव्हा पाहिली होती.

"भागीबाई, बसा," सर म्हणाले. "जयराम, खुर्ची दे बाईंना."

प्रयोगशाळेत खुर्ची एकच होती, सरांची. जयराम चौदा वर्षं स्टुलावर बसत होता आणि ते स्टूल लंगडं आहे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दर मंगळवारी मग भागीबाई एस.टी.नं यायची. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी. सर तिला "आपण" म्हणायचे. चहा आला की आधी तिच्यापुढे जायचा. ती बरणीतला पाला हातानं दाखवायची आणि सर वहीत लिहून घ्यायचे. जयराम सर्दी झाल्याचं सांगायचा तेव्हा सर खिडकीबाहेर बघायचे, आणि ही बाई हिरड्याबद्दल चार शब्द बोलली की पेन काढायचे!

"काय काय असतं म्हणता यात?" जयरामनं एकदा विचारलं. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा रुक्ष निघाला.

"हिरडा, ऐनाची साल, धायटीची फुलं आन दगडी पाला."

"दगडी पाला आमच्या संडासामागं उगवतो."

"मंग तुमचं बरं हाय, भाऊ," भागीबाई म्हणाली. "दूर जावं लागत नाय."

पहिल्या फेरीत सरांनी एकेक वनस्पती वेगळी उकळून तपासायला सांगितली. दुसऱ्या दिवशी जयरामनं बशा काढल्या आणि त्याचा दिवस चांगला गेला. दगडी पाला, गोल नाही. धायटी, गोल नाही म्हणण्याइतका. ऐन आठ. हिरडा नऊ. त्यानं आकडे नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिले आणि पुढच्या मंगळवारी वही भागीबाईच्या समोर, तिला वाचता येत नसतानाही, उघडी ठेवली.

"बाई, सर सांगत होते, काही विशेष आलं नाही."

"एकेकटं उकळलं व्हय?" तिनं विचारलं. "एकेकटं कसं काम करील? एका माणसानं कधी घर शाकारलंय का?"

सर टेबलावर हात मारून म्हणाले, "ऐकलंस जयराम? एकत्र! एकत्र करून बघायचं!"

एकत्र केलं. तेरा आले.

तेरा म्हणजे सतरापेक्षा चार कमी, असं जयरामचं म्हणणं. तेरा म्हणजे रानातला पाला पाण्यात उकळून तेरा, असं सरांचं. एकेकटे आठ-नऊ आणि शून्य, एकत्र तेरा, यात काहीतरी आहे, असं म्हणत ते येरझारा घालू लागले. मग थांबले आणि जयरामकडे न बघता बोलले.

"जयराम, एक अडचण आहे. निबंधाचा आता सगळा रोखच बदलला. भागीबाईंचं नाव वर घ्यायला हवं. न्यायानं घ्यायला हवं."

"घ्या ना सर."

"पण नावं तीनच."

जयराम टिकल्या पाडत होता. त्यानं त्या दिवशी सातशे टिकल्या पाडल्या. लागणार होत्या चाळीस.

"पुढच्या निबंधात बघू," सर म्हणाले. "आणखी दोन फेऱ्यांत तेरा टिकले तर नाव बाईंचं. नाही टिकले तर शब्द दिलाय तसं तुझं."

आता विभागात एक नियम होता की बाहेरून येणारी कुठलीही वस्तू निर्जंतुक करून मगच वापरायची. त्यासाठी ऑटोक्लेव्ह होता, म्हणजे माणसाच्या कमरेइतका उंच प्रेशर कुकर. पंधरा पौंडांच्या दाबाला वीस मिनिटांत त्यात काही जिवंत राहत नाही. काढा मुळातच उकळलेला म्हणून भागीबाईच्या बरणीला हा नियम आजवर लावला नव्हता. पुढच्या मंगळवारी ती बरणी ठेवून गेल्यावर जयरामला नियमाची आठवण झाली. नियम पाळणाऱ्या माणसाला त्याची आठवण होणं साहजिक आहे. त्यानं काढा गाळला नाही, चोथ्यासकट बरणी आत ठेवली, झाकणाचे स्क्रू आवळले आणि वीस मिनिटं दाब दिला. मग त्याला वाटलं, न जाणो, काही उरलं असेल. म्हणून पुन्हा वीस मिनिटं दिला. बाहेर निघालं ते डांबराच्या रंगाचं होतं. त्यात औषधाचा गुण शिल्लक असेल असं कुणी म्हटलं असतं तर जयराम मोठ्यानं हसला असता.

दुसऱ्या दिवशी त्यानं कपाट उघडलं, बशी उजेडात धरली आणि स्टुलावर बसला.

पट्टी लावली. एकवीस. पट्टी पुसून लावली. एकवीस. बशी उलटी करून, सुलटी करून, चष्मा काढून, चष्मा घालून, एकवीस. तांबड्या औषधाचा गोल शेजारच्या बशीत आपला सतरावर बसलेला. खोलीत कुणी नव्हतं. एकवीसऐवजी अकरा लिहिले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तो काढ्याचा जीव घ्यायला तयार झालेला माणूस मिलिमीटर खोटा लिहायला तयार नव्हता. काढा बाईचा होता. मिलिमीटर त्याचा स्वतःचा होता. त्यानं एकवीस लिहिले.

सानप सर त्या दिवशी दोनदा नाचले, एकदा प्रयोगशाळेत आणि एकदा स्टाफरूममध्ये. विभागप्रमुख नाकाला रुमाल लावून दारापर्यंत आले. पुण्याच्या परिषदेला तार गेली: जंतुनाशक सतरा, काढा एकवीस. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत जो तो म्हणू लागला, "भागीबाईंचे एकवीस." पेठच्या एस.टी.तून उतरताना तिला कंडक्टरनं हात दिला म्हणे, अशीही एक बातमी आली. ती सरांनी जयरामला सांगितली. का सांगितली, देव जाणे. जयराम म्हणाला, "अरे वा," आणि नळ उगाचच सोडला.

त्यानंतरच्या फेरीला त्यानं काढ्याला हात लावला नाही. बरणी आली तशी गाळली आणि वापरली. तेरा आले. पुन्हा केलं, पुन्हा तेरा.

परिषद तीन आठवड्यांवर होती. सरांचा चेहरा उतरला आणि जयरामचा जरा वर आला. मंगळवारी भागीबाई आली तेव्हा सरांनी "बसा" म्हटलं नाही. प्रमुख दारात उभे होते, ते रुमालातून म्हणाले, "या लोकांचं असंच असतं सानप. खरी जडीबुटी एकदा दाखवतात आणि मग हात राखून देतात."

"भागीबाई," सर म्हणाले, "त्या आधीच्या बरणीत आपण काही जास्तीचं घातलं होतं का? एखादी मुळी, एखादी साल?"

"नाय सर."

"आठवून बघा. त्याशिवाय एकवीस येत नाहीत."

भागीबाईनं सरांकडे पाहिलं, मग ऑटोक्लेव्हकडे पाहिलं, मग जयरामकडे. "ती बरणी माझ्याकडं परत आली तवा तिला खमंग वास येत व्हता," ती म्हणाली. "लय शिजलेला. मी येवढं शिजवत नाय, माझं सरपण पुरत नाय." एवढं बोलून तिनं रिकामी बरणी उचलली आणि निघून गेली. पुढच्या मंगळवारी ती आलीच नाही.

म्हणजे जयरामला हवं होतं ते सगळं झालं. बाई गेली, खुर्ची रिकामी झाली, तेराही संशयात सापडले. निबंध पुन्हा जंतुनाशकांपुरता होणार आणि तिसरं नाव ठरल्या शब्दाप्रमाणे त्याचं. त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही.

"आता काय झालं?" विमलाबाईंनी विचारलं.

"ते म्हणतात, त्या बाईकडे गुपित आहे."

"असेल."

"तिच्याकडे कुठलं गुपित? तिला काही माहीत नाही. एकवीस तिचे नाहीतच." जयरामचा आवाज चढला. "सगळं कॉलेज म्हणतंय भागीबाईंचे एकवीस. आले तेव्हाही तिचे, गेले तेव्हाही तिचेच. चाळीस मिनिटं झाकणापाशी घाम गाळत कोण उभं होतं?"

मग त्यानं सगळं सांगितलं. विमलाबाईंनी आधी ऐकून घेतलं आणि मग तोंडाला पदर लावला. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

"म्हणजे तुम्ही तिचं वाटोळं करायला गेलात आणि भलं करून आलात. तुमच्या आत्याबाईंचं रक्त. माझी सोयरीक मोडायला म्हणून माहेरी आल्या होत्या, तारीख ठरवून गेल्या."

"हसायचं काम नाही."

"अहो, साल ती. कुळथाला सुद्धा दोन शिट्ट्यांनी भागत नाही, आणि हे तर झाड. जास्त शिजलं म्हणून जास्त उतरलं. एवढं तर मलाही कळतं, मी कुठे कॉलेजात आहे? उद्या जाऊन सरांना सांगा."

"काय सांगू? मारायला गेलो होतो म्हणून?"

"ते नका सांगू वाटलं तर. पण मग एकवीस तिचे राहतील."

हा मुद्दा बिनतोड होता. अपराधाची टोचणी जयरामनं आणखी महिनाभर सहज सोसली असती. पण आपले एकवीस मिलिमीटर दुसरीच्या नावावर फिरताहेत, हे एक रात्रही सोसण्यासारखं नव्हतं.

सकाळी सरांना त्यानं उभ्यानंच सांगितलं.

"तू काढा मारायला गेला होतास?"

"हो सर."

"आणि तो मेला नाही."

"उलट पोसला सर."

सरांच्या चेहऱ्यावर राग आला, तिथे थोडा थांबला आणि त्याला मागून काहीतरी ढकलू लागलं. "किती पौंड?" त्यांनी विचारलं.

"पंधरा. दोनदा, वीस-वीस मिनिटं. चोथ्यासकट."

"चोथ्यासकट!" सरांनी पेन काढलं. चौदा वर्षांत जयरामच्या बोलण्यावर निघालेलं ते पहिलं पेन. "आता ऐक. पद्धत तुझी, ते मी निबंधात लिहिणार. पण पाला, साल सगळं भागीबाईंकडे आहे आणि त्यांना आपण चोर ठरवून घालवलंय. तू जा पेठला. तिसऱ्या नावाचं काय ते तुम्ही दोघं ठरवून या. माझं डोकं आता चालत नाही."

सावळघाट चढताना एस.टी. कण्हत होती आणि जयराम मनात भाषण जुळवत होता. त्यात त्याची माफी होती आणि एक मोठेपणा होता. मोठेपणा असा की तिसरं नाव तो आपण होऊन भागीबाईला देऊ करणार होता. त्यात धोका नव्हता. वाचता न येणारी बाई, तिला इंग्रजी निबंधावरच्या नावाचं काय कौतुक? ती "मला काय करायचंय" म्हणेल, तो "बघा बुवा" म्हणेल, आणि नाव दोन्ही बाजूंनी स्वच्छ होऊन त्याच्याकडे येईल.

भागीबाई अंगणात नागली पाखडत होती. त्यानं माफी मागितली. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "वासानंच कळलं."

"मग सरांसमोर का बोलला नाहीत?"

"तुमची नोकरी, भाऊ. मला काय, घाट चढलं का माझं घर." तिनं आत जाऊन दोन फडक्यांत साल, हिरडे, फुलं, पाला सगळं बांधून आणलं, त्याच्यापुढे ठेवलं आणि सूप पुन्हा हातात घेतलं. "घ्या. शिजवा तुमच्या त्या लोखंडी डेऱ्यात."

जयरामला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण भाषण पाठ झालं होतं. "आणि बाई, निबंधावर तिसरं नाव आहे ना, ते तुमचंच घालावं असं माझं मत आहे."

"त्यानं काय होतं?"

"होत काही नाही," जयराम घाईनं म्हणाला. "खरंच काही होत नाही. छापून येतं, एवढंच."

"छापून?" सूप थांबलं. "मंग वाचतो कोण?"

"शिकलेले लोक. प्राध्यापक, मास्तर..."

"मास्तर वाचतो?" भागीबाईनं ओहोळापलीकडच्या घराकडे पाहिलं. "ती तिथं माझी जाऊ ऱ्हाते. अक्काबाई. तीबी जखमा धुते. लोकांना सांगत फिरते का भागीला काढा मी शिकवला. तिचा जावई मास्तर हाय सुरगाण्याला. तो वाचील ना?"

"वाचेल... कदाचित..."

"मंग घाला," भागीबाई म्हणाली. एवढ्या महिन्यांत जयरामनं तिच्या चेहऱ्यावर काही हलताना पाहिलं नव्हतं, आता सगळा चेहरा हलत होता. "भागीबाई भोये. पुरं घाला. मोठ्या अक्षरात. आन ऐका, हिरडा तिच्या झाडाचा हाय, ते लिहू नका."

परतीच्या एस.टी.त जयरामनं त्या पुडक्यांकडे रागानं बघायचा प्रयत्न केला, पण जमेना. भागीबाईच्या चेहऱ्यावरची ती चमक त्याच्या ओळखीची होती. दाढी करताना तो ती रोज आरशात बघत होता.

नव्यानं केलेल्या तीन फेऱ्यांत एकवीस, वीस आणि एकवीस आले. पुण्याला सरांचं कौतुक झालं. निबंधावर तीन नावं गेली. तिसरं भागीबाई भोये यांचं. प्रमुखांनी बाईंच्या नावापुढे विद्यापीठ कुठलं घालायचं असं विचारलं, सर "पेठ" म्हणाले आणि सही झाली. जयराम शेवटच्या ओळीतच राहिला. सरांनी ती ओळ मात्र लांबवली होती. तशी ती दीडच ओळ झाली, पण विमलाबाईंनी त्या दिवशी तांदूळ बाजूला ठेवून ऐकली.

पावसाळा संपल्यावर छापील प्रत घेऊन जयराम पेठला गेला. भागीबाईनं आधीच निरोप धाडले असावेत, कारण अंगणात अर्धा पाडा जमला होता. अक्काबाई पुढेच बसली होती आणि तिचा जावई, मास्तर, कोऱ्या शर्टात होता. त्यानं खाकरून नावं वाचली. तिसऱ्या नावाला भागीबाईनं जावेकडे पाहिलं नाही, आणि ते न पाहणं सगळ्या अंगणाला दिसलं. मास्तर थोडं थोडं वाचून मराठीत अर्थ सांगत गेला. असं शेवटच्या पानापर्यंत आलं.

"शेवटी लिहिलंय," मास्तर म्हणाला, "का चार वनस्पती एकत्र करून, दाबाखाली दोनदा शिजवल्यानंच गुण वाढला, आणि ही पद्धत श्री. जे. बी. पगारे यांची, म्हणून त्यांचे विशेष आभार."

अक्काबाईनं मान वर केली. "म्हंजी काढा भागीचा तेरा," ती सावकाश म्हणाली, "आन वरचे समदे ह्या भाऊनं शिजवले?"

भागीबाईनं वळून जयरामकडे पाहिलं. तसं तिनं त्याच्याकडे आजवर कधी पाहिलं नव्हतं. तो मात्र सगळा हिवाळा तिच्याकडे तसंच पाहत होता.

"शिजवायला काय लागतं?" ती म्हणाली. "शिजवील कोणीबी."

"अगदी बरोबर बोललात बाई," जयराम म्हणाला. मग तो जरा पुढे सरकून बसला. "गुरुजी, ती शेवटची ओळ परत एकदा वाचा बरं. मागं बसलेल्यांना नीट ऐकू आली नसेल."